एफएसएल वापरताय? कवटी काढण्यापासून संदर्भ देण्यापर्यंत या चुका टाळा

मेंदूच्या एमआरआय प्रतिमांचं विश्लेषण करणाऱ्या, ऑक्सफर्ड विद्यापीठात तयार झालेल्या एफएसएल या सॉफ्टवेअरची एक खोड लवकर ओळखलेली बरी: चुकलं तरी ते सहसा तक्रार करत नाही. कमांड पूर्ण होते, फाइल तयार होते, तक्त्यात आकडेही पडतात. त्या आकड्यांखाली मेंदू आहे की मानेचा तुकडा, हे एफएसएलआइज या प्रतिमा बघण्याच्या साधनात फाइल उघडून आपणच बघायचं असतं.

बेट आणि मानेचा घोळ

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. बेट म्हणजे प्रतिमेतली कवटी काढून फक्त मेंदू ठेवणारं साधन. ते आधी डोक्याचा गुरुत्वमध्य अंदाजतं, तिथे एक गोल ठेवतं आणि तो फुगवत मेंदूच्या कडेपर्यंत नेतं. टी1 स्कॅनमध्ये (मेंदूची रचना दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये) मान बरीच आली असेल तर हा मध्य खाली सरकतो, गोल चुकीच्या जागी बसतो आणि मेंदूचा वरचा भाग कापला जातो. अशा वेळी लोक ‘एफ’चा (मेंदूची कड कुठे धरायची ते ठरवणारा) आकडा फिरवत बसतात. दुखणं तिथे नसतंच. आधी ‘रोबस्टएफओव्ही’ चालवून मान छाटा. मग बेटला ‘कॅपिटल आर’ हा पर्याय द्या, म्हणजे ते मध्य पुन्हा पुन्हा शोधतं. तरीही हटलं नाही तर ‘सी’ पर्यायाने मध्याचे व्हॉक्सेल-निर्देशांक (प्रतिमेतल्या त्रिमित ठिपक्याचे क्रमांक) हाताने द्या.

‘एफ’ला हात लावायचा तो यानंतर. मुळातला आकडा 0.5 असतो. कमी केला की मेंदूची कड बाहेर सरकते, वाढवला की आत येते. नवखे हमखास उलटं धरतात. कवटीचे तुकडे उरले तर 0.6 करून बघा, मेंदूच कापला जात असेल तर 0.4, मग 0.3. 4डी एफएमआरआयसाठी (मेंदूचं काम काळानुसार टिपणाऱ्या स्कॅनसाठी) ‘कॅपिटल एफ’ हा वेगळाच पर्याय आहे आणि त्यात 0.3 आधीच ठरलेलं असतं.

डावं-उजवं

एफएसएलआइज मुळात रेडिओलॉजीच्या पद्धतीने दाखवतं: माणसाची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे. उलटं दिसतंय म्हणून कुणी ‘एफएसएलस्वॅपडिम’ने ते ‘सरळ’ करायला गेलं की संपलं. मेंदू दोन्ही बाजूंनी इतका सारखा दिसतो की नंतर नजरेला काही कळत नाही. प्रतिमा आडवी पडलेली असेल तर ‘एफएसएलरीओरिएंट2एसटीडी’ वापरा. ते फक्त 90 अंशांच्या पटीत फिरवतं, बाजू बदलत नाही. एल-आर अक्षरांबद्दलच शंका असेल तर स्कॅनरमधून आलेल्या मूळ डायकॉम फाइलींपासून पुन्हा रूपांतर करा. स्कॅनच्या वेळी डोक्याच्या एका बाजूला व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवतात, ती याच भांडणासाठी.

जुळवणी

जुळवणी म्हणजे एक प्रतिमा दुसरीवर नेमकी बसवणं. फ्लर्ट ती सरळ (रेषीय) करतं, एफनर्ट वळणावळणाची (अरेषीय). फ्लर्टला कवटी काढलेली प्रतिमा द्यायची, एफनर्टला कवटीसकट. फीटमध्ये (एफएमआरआय विश्लेषणाच्या साधनात) आपण ‘टी1_ब्रेन’ निवडतो, पण एफनर्ट चालवायचं असेल तर त्याच फोल्डरमध्ये ‘टी1’ नावाची मूळ प्रतिमाही लागते. ती हलवली किंवा तिचं नाव बदललं की गाडी अडते.

लेबलांचा नकाशा (कोणता व्हॉक्सेल मेंदूच्या कोणत्या भागाचा ते आकड्यांनी सांगणारा) दुसऱ्या प्रतिमेच्या अवकाशात नेताना ‘नियरेस्टनेबर’ इंटरपोलेशन (सगळ्यात जवळच्या व्हॉक्सेलचाच आकडा घेणारं) लावायला विसरू नका. मेंदूच्या आतले भाग वेगळे काढणाऱ्या फर्स्टच्या निकालात 17 म्हणजे डावा हिप्पोकॅम्पस, 10 म्हणजे डावा थॅलॅमस आणि 12 म्हणजे डावा प्युटामेन. नेहमीचं इंटरपोलेशन लावलं की हिप्पोकॅम्पसच्या कडेला 17 आणि 0 यांची कमीजास्त भाराची सरासरी निघते आणि तिथे 10, 12 असे आकडे उगवतात. हिप्पोकॅम्पसला थॅलॅमसची किनार लागते आणि आकारमानाच्या तक्त्यात ती गुपचूप मोजलीही जाते.

फीटचं अधिक चिन्ह

तेच विश्लेषण पुन्हा चालवलं तर फीट जुनं फोल्डर पुसत नाही. नावापुढे अधिक चिन्ह लावून नवं करतं. गटाच्या विश्लेषणाची स्क्रिप्ट मात्र जुन्याच नावाकडे बोट दाखवत असते. दुरुस्ती केली, तरी निकाल तसाच? आधी हे तपासा. फाइलच्या आणि फोल्डरच्या नावांत मोकळी जागा ठेवू नका, आणि एकाच नावाची साधी व दाबलेली (जीझिप) अशी दोन रूपं शेजारी ठेवू नका. कोणती उघडायची हे एफएसएलला ठरवता येत नाही. निदान इथे तरी ते तोंड उघडतं.

क्लस्टरच्या (लागून असलेल्या सक्रिय व्हॉक्सेलांच्या गटाच्या) उंबरठ्याकडेही बघा. जुन्या प्रयोगशाळांतून फिरणाऱ्या, फीटच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या डिझाइन फाइलींमध्ये झेड 2.3 असतं, म्हणजे पी साधारण 0.01. एक्लुंड, निकोल्स आणि क्नुटसन यांनी 2016 मध्ये विश्रांतीच्या अवस्थेतल्या डेटावर दाखवलं की इतक्या सैल उंबरठ्यावर खोट्या क्लस्टरांचं प्रमाण अपेक्षित 5 टक्क्यांच्या कितीतरी वर जाऊ शकतं. आता 3.1 धरा, म्हणजे पी साधारण 0.001. जुनी फाइल आंधळेपणाने चालवू नका.

संदर्भ देताना

‘विश्लेषण एफएसएलने केले’ एवढं लिहिणं म्हणजे स्वयंपाक गॅसवर केला असं सांगणं. पॅकेजसाठी जेन्किन्सन व सहकाऱ्यांचा 2012 चा लेख द्या, पण साधनांचे संदर्भ वेगळे: बेटसाठी स्मिथ 2002, फ्लर्टसाठी जेन्किन्सन व स्मिथ 2001 आणि जेन्किन्सन व सहकारी 2002 (डोक्याची हालचाल दुरुस्त करणारं एमसीफ्लर्टही यातच), फास्टसाठी (मेंदूच्या ऊतींचे प्रकार वेगळे करणाऱ्या साधनासाठी) झँग, ब्रॅडी व स्मिथ 2001, टीएफसीई (आधी उंबरठा न ठरवता क्लस्टर तपासण्याची पद्धत) वापरलं असेल तर स्मिथ व निकोल्स 2009. जे चालवलंच नाही त्याचा संदर्भ शोभेला लावू नका. अ‍ॅटलासचा संदर्भही स्वतंत्र द्यायचा.

व्हर्जनची एक चूक छापील लेखांतही सापडते. फीटच्या अहवालात ‘व्हर्जन 6.00’ दिसतं, तो आकडा फीटचा, एफएसएलचा नाही. एफएसएल 5.0 मालिकेतही फीट 6.00 च होतं. खरा आकडा एफएसएलच्या इन्स्टॉल फोल्डरमधल्या ‘ईटीसी’त, ‘एफएसएलव्हर्जन’ नावाच्या फाइलीत असतो. तो उतरवून घ्या, आणि पद्धतींच्या भागात त्याच्याशेजारी बेटचा ‘एफ’, फ्लर्टचे डिग्री ऑफ फ्रीडम (6 की 12) आणि स्मूदिंगचे मिलिमीटर लिहा. ज्या स्कॅनसाठी ‘एफ’ वेगळा ठेवला, तेही सांगा. फीटची डिझाइन फाइल साध्या मजकुराची असते. ती पूरक साहित्यात जशीच्या तशी जोडता येते. फक्त त्याआधी तिच्यातले फोल्डरचे मार्ग बघा: त्यांत बऱ्याचदा रुग्णाचं नाव असतं.