लेदर बॉलची बॅट घ्यायला निघण्यापूर्वी

एप्रिलच्या उन्हाळी शिबिरासाठी बॅट हवी असेल तर ती मार्चच्या पहिल्या आठवड्यातच घरात आलेली असावी. परीक्षा शुक्रवारी संपली, शिबिर सोमवारपासून, मग रविवारी जाऊन घेऊन येऊ, असं म्हणणारे पालक दरवर्षी भेटतात. नवी बॅट दुसऱ्याच दिवशी लेदर बॉलसमोर नेता येत नाही. तेल लावून मुरवायला तीन-चार दिवस जातात. त्यानंतर रोज अर्धा तास धरला तरी लाकडी हातोडीने सहा तासांचं ठोकणं पुरं व्हायला बारा दिवस लागतात, आणि वर जुन्या चेंडूवर हलक्या हाताने खेळायचे आणखी तीन-चार दिवस. तीन आठवडे हाताशी ठेवा आणि मगच कुठल्या दुकानात जायचं याचा विचार सुरू करा.

त्याआधी घरी उंची मोजा. चपला काढून, भिंतीला पाठ टेकवून मोजा आणि आकडा चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. साधारण 145 ते 150 सेंटिमीटर उंचीला पाच नंबर, 150 ते 157 ला सहा नंबर, 157 ते 168 ला हॅरो आणि त्यापुढे मोठ्यांची, म्हणजे दुकानाच्या भाषेत एसएच. कंपन्यांच्या मापात थोडा फरक असतो, त्यामुळे दुकानात कुठल्या रांगेसमोर उभं राहायचं एवढंच या आकड्यांवरून ठरवायचं. शेवटचा निर्णय बॅट हातात आल्यावर होतो, आणि ती हातात घ्यायला खेळणारं पोर सोबत हवं. वाढदिवसाची गंमत म्हणून गुपचूप बॅट आणू नका. सायकल तशी आणली तर सीट खाली-वर करता येते, बॅटचं काहीच करता येत नाही.

हे मी इतकं जोर देऊन सांगते याचं कारण आमच्याच घरात घडलंय. जानेवारी 2024 मध्ये आपल्या सोलापूरच्या पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर हा रणजी सामना झाला. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. जाळीला नाक लावून दिवसभर बसली आणि घरी येताना म्हणाली, आई, आता टेनिस बॉल पुरे. पुढच्याच महिन्यात पुण्याला एका लग्नाला गेलो होतो. तिथल्या एका मोठ्या साखळी दुकानात सवलत होती, तिचे मामा म्हणाले मोठीच घेऊ, दोन वर्षं पुरेल, आणि सहा नंबरही जेमतेम झाला असता अशा पोरीला हॅरो घेतली. ती मात्र तेव्हा सोलापुरात आजीकडे होती. बॅटवर ‘खेळायला तयार’ असं लिहिलेलं होतं, म्हणून आम्ही ती ठोकलीही नाही. तीन आठवड्यांत खालच्या टोकाला चीर पडली. दुकानाने वापरामुळे झालेलं नुकसान म्हणून बदलून द्यायला नकार दिला. पैशांचं मी विसरले, पण दुसरं जे झालं ते विसरता येत नाही. शिबिरातले सर म्हणाले, “ताई, हिचा वरचा हात नुसता पाहुणा झालाय, सगळं खालचा हात करतोय.” जड बॅट उचलायला वरच्या हाताचं बळ पुरत नाही, मग खालचा हात ती ओढतो, बॅट सरळ रेषेत खाली न येता आडवी फिरते आणि समोर जायचा चेंडू मिडविकेटकडे जातो. ही सवय मोडायला तिला सहा महिने लागले. सकाळी साडेपाचला उठून एकट्या वरच्या हाताने तीनशे-तीनशे वेळा बॅट फिरवणारी पोर पाहिली की सवलतीत वाचलेले पैसे आठवून जीव तुटायचा.

तेव्हा उंचीच्या चिठ्ठीनंतर सरांना तीन गोष्टी विचारा. कुठल्या वजनाच्या चेंडूवर खेळायचंय (मुलींचा लेदर बॉल 140 ते 151 ग्रॅमचा असतो, मोठ्या मुलांचा 156 ते 163, तेरा वर्षांखालच्यांचा त्याहून हलका), सराव मॅटिंगवर (अंथरलेल्या चटईवर) होतो की टर्फवर (माती-गवताच्या खेळपट्टीवर), आणि वर्षभरात सामने किती. मॅटिंगखाली काँक्रीट किंवा घट्ट मुरूम असेल तर बॅटचं टोक रोज आपटणार, म्हणून टोकाला रबरी टो-गार्ड लावूनच घ्यायचं. आठवड्यातून दोनदा नेट आणि महिन्याला एखादा सामना असेल तर काश्मिरी विलो पुरे. ते लाकूड जरा तपकिरी, जरा जड, पण मार सोसणारं, आणि शिकणाऱ्या मुलाच्या बॅटला मार खावाच लागतो. इंग्लिश विलो पांढुरकं, हलकं आणि चेंडू जोरात परत देणारं. ते इंग्लंडहून ओबडधोबड फळ्यांच्या रूपात मेरठ-जालंधरला येतं, तिथे घडवलं जातं आणि त्याची किंमत काश्मिरीच्या कितीतरी पट असते. उंची अजून वाढते आहे तोवर त्यात पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षा-दीड वर्षात नंबर बदलतो.

दुकानात नेण्याच्या पिशवीत स्वतःचे ग्लोव्हज हवेत. उघड्या हाताला बरी वाटणारी मूठ ग्लोव्हज घातल्यावर जाड लागते. सोबत एक जुना, मऊ पडलेला लेदर बॉल घ्या, एका मोज्यात घालून. घरातला छोटा वजनकाटा असेल तर तोही, कारण बॅटवरच्या चिठ्ठीत वजन लिहिलेलं नसतं किंवा ग्रिपशिवायचं लिहिलेलं असतं. सहा नंबरची बॅट एक किलोच्या आसपास भरली पाहिजे. आणि वेळ न्या, निदान एक तास. संध्याकाळी सात वाजता गर्दीत जाऊ नका. दुपारी अकरा-बाराच्या सुमारास दुकानदाराला बोलायला सवड असते.

आता कुठे जायचं. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पुण्याला जाऊन साखळी दुकानातून आणायची, की नवी पेठेतल्या आपल्या दुकानदाराकडून घ्यायची? मी दोन्ही केलंय. पॅड, हेल्मेट, बूट, थायगार्ड आणि बॅग मी अजूनही साखळी दुकानातूनच घेते. तिथे मुलांच्या आणि मुलींच्या मापाचे बूट सगळ्या नंबरांत असतात, घालून दहा पावलं पळून बघता येतं, किमतीची घासाघीस नसते आणि न वापरलेली वस्तू पावतीवर बिनबोभाट परत होते. हेल्मेटच्या आत बीएस 7928 : 2013 हे मानक छापलेलं आहे का ते बघा. पट्टा बांधून मान जोरात हलवल्यावर हेल्मेट डोक्याबरोबरच हललं पाहिजे. हेल्मेट कुणाचं वापरलेलं घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

बॅटसाठी मात्र मी नवी पेठेतल्या अण्णांकडे जाते. साखळी दुकानात एका नंबरच्या चार-पाच बॅटा टांगलेल्या असतात आणि मदतीला येणारा मुलगा सकाळी क्रिकेटच्या रांगेत असतो, दुपारी बॅडमिंटनच्या. तो नम्र असतो, पण कुठल्या मैदानावर खेळते हे त्याने का विचारावं? अण्णा पहिलं तेच विचारतात. मग माळ्यावरून एकाच खेपेतल्या दहा-बारा बॅटा खाली येतात, कोनावर (ग्रिप चढवायच्या साधनावर) नवी ग्रिप चढवून मिळते, मूठ बारीक वाटली तर दोन ग्रिप चालतील का ते समोरच बघता येतं, टो-गार्ड बसवून मिळतं, आणि सहा महिन्यांनी कडेला बारीक चीर दिसली तर बॅट टाकून जा म्हणतात, दोन दिवसांत डिंक भरून, दोरा गुंडाळून, फायबर टेप लावून तयार. हे दुरुस्तीचं काम घरापासून दहा मिनिटांवर होतं हीच माझ्या लेखी मोठी बाब आहे. अडीचशे किलोमीटरवरचं दुकान ते करू शकत नाही.

पण ओळखीच्या दुकानातही डोळे उघडे ठेवायचे असतात. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर दोन उन्हाळे काढलेली बॅट आतून कोरडी ठणठणीत झालेली असते आणि ती पहिल्याच यॉर्करला, म्हणजे पायाशी पडणाऱ्या चेंडूला, तडकते. तेव्हा “अण्णा, हा माल कधी आला?” हे सरळ विचारा, राग मानत नाहीत. दुसरं, स्टिकरला भुलू नका. साध्या बॅटवर प्रसिद्ध कंपनीचं स्टिकर चिकटवणं अवघड काम नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्याची किरण नवगिरे 2023 च्या महिला प्रीमियर लीगमध्ये यूपी वॉरियर्झकडून उतरली तेव्हा तिच्या बॅटवर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं, तिने पेनाने धोनीच्या नावाचं ‘एमएसडी 07’ लिहिलं होतं आणि त्याच बॅटने गुजरात जायंट्सविरुद्ध अर्धशतक केलं. माझ्या मुलीने तो फोटो कपाटाच्या दाराला लावलाय, आणि आता कोऱ्या बॅटची तिला लाज वाटत नाही.

बॅट निवडताना घाई करू नका. आधी पोराला फक्त वरच्या हाताने मूठ धरून बॅट समोर सरळ धरायला सांगा. दहा आकडे मोजेपर्यंत मनगट खाली झुकलं तर ती बाजूला ठेवा, मग ती कितीही देखणी असो. मग ग्लोव्हज घालून, बॅट दोन्ही हातांनी धरून स्टान्स, म्हणजे खेळायला उभं राहायची पद्धत. डोकं पुढे लवून खांदा पडत असेल तर बॅट आखूड, कोपर पोटाला अडत असेल तर लांब. दोन बॅटांचं काट्यावरचं वजन एकच असूनही एक हलकी लागते, कारण तिचं लाकूड कुठे जास्त आहे यावर उचल ठरते. शिकणाऱ्यासाठी फुगा, म्हणजे पात्याचा सगळ्यात जाड भाग, मधोमध किंवा जरा वर असलेली घ्या. त्यानंतर लाकूड बघा. रेषा सरळ आणि मुठीपासून टोकापर्यंत अखंड आहेत का, खालच्या चार बोटांत गाठ आहे का, मूठ जिथे पात्यात इंग्रजी व्ही सारखी शिरते तिथल्या सांध्यात नख जातं का. रेषा जास्त असलेली बॅट लवकर खेळती होते पण लवकर दमते, कमी रेषांची उशिरा खुलते आणि टिकते. मग मोज्यातला चेंडू पात्यावर हलकेच आपटा, वरपासून खालपर्यंत. जिथे आवाज भरदार येतो आणि चेंडू आपसूक उडतो तिथे स्ट्रोक, म्हणजे चेंडू जोरात परत देणारी जागा, आहे. बॅट फळीसारखी बद्द वाजली तर पुढची उचला. हे आवाज मुलं आपल्यापेक्षा लवकर ओळखतात, त्यांना ऐकू द्या.

जाड कडांच्या मागे हल्ली सगळी मुलं असतात. ऑक्टोबर 2017 पासून नियमाने कडेची जाडी 40 मिलिमीटर आणि बॅटची मधली जाडी 67 मिलिमीटरच्या वर जाऊ शकत नाही, रुंदी तर पूर्वीपासून 10.8 सेंटिमीटर. पण मुलांच्या बॅटला या मर्यादेजवळ जायची गरजच नाही. कडा जाड आणि तरी वजन हलकं असेल तर लाकूड जास्त सुकवलेलं असतं, आणि आपल्या हवेत ते आणखी सुकतं.

भाव ठरला की पक्कं बिल मागा. ओळख असली तरी मागा, आणि त्यावर बॅटचा नंबर, विलो आणि तारीख लिहून घ्या. ठोकल्यानंतर बॅट परत होत नाही, हे सगळीकडे सारखंच आहे. पण पहिल्या आठवड्यात सांधा सुटला तर काय, हे पैसे देण्याआधी तोंडावर विचारलेलं बरं. बजेटमधले चार-पाचशे रुपये बॅटवर खर्च न करता लाकडी हातोडी, जादा ग्रिप, टो-गार्ड आणि बॅटचं कव्हर यांच्यासाठी राखून ठेवा. जवसाचं तेल कच्चं हवं, घाण्यावरचं चालेल. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं नको.

घरी आल्यावर चमचाभर तेल मऊ फडक्यावर घेऊन पात्याला, कडांना आणि टोकाला पुसा. मूठ, सांधा आणि स्टिकर कोरडे ठेवा, आणि बॅट रात्रभर आडवी ठेवा. उभी ठेवली तर तेल टोकाला उतरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, तिसऱ्या दिवशी बघून. मग ठोकणं. आमच्या खालच्या मजल्यावर आजोबा दुपारी झोपतात, म्हणून आम्ही जुनी सोलापुरी चादर चार घड्या करून तिच्यावर बॅट ठेवतो आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा हातोडी चालवतो. सुरुवात अगदी हळू, मग जोर वाढवत. कडांवर तिरकस ठोकून त्या जरा गोल करायच्या, टोकावर थेट खालून मारायचं नाही. बॅट गॅलरीत उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. पावसाळ्यात ओल्या मॅटवरून आली तर टोक पुसून, सावलीत वाळवून मगच कव्हरमध्ये घाला.

सहा तास झाल्यावर जुना चेंडू मांडीच्या उंचीवर टाकून पंधरा मिनिटं खेळवा आणि पातं उजेडात तिरपं धरून बघा. शिवणीचे खड्डे उमटले असतील तर आणखी तासभर ठोका. उमटले नसतील तर सकाळी नेटला न्या.