बेळगावात विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देण्यापूर्वी

बेळगावात 'विद्यापीठाजवळचे घर' म्हणून कोणी जागा दाखवली, तर पहिल्यांदा विद्यार्थी कुठे राहतात ते विचारावे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय मच्छेजवळ आहे हे खरे, परंतु 1998 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी राज्यभरातल्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 साली शहराच्या उत्तरेला भुतरामनहट्टीत सुरू झाले आणि नव्या परिसरासाठी जागा निवडली गेली ती धारवाडच्या वाटेवरच्या हिरेबागेवाडीला, म्हणजे नेमकी उलट दिशेला. विद्यापीठाच्या फाटकाकडे पाहून घेतलेल्या जागेचे असे होऊ शकते.

भाडेकरू मिळतात ते महाविद्यालयांच्या रस्त्यांवर. उद्यमबागेत 1979 पासूनचे गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली मुले अनगोळ, भाग्यनगर, हिंदवाडी या भागांत खोल्या शोधतात. नेहरूनगरात 1963 साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याभोवती वाढलेला केएलई या शिक्षणसंस्थेचा सगळा व्याप आहे. तिथला विद्यार्थी रात्रपाळी करून परततो, त्यामुळे तो भाडे थोडे जास्त देईल, पण चालत जाण्याच्या अंतराबाहेर राहणार नाही. टिळकवाडीत आरपीडी आणि जीएसएस महाविद्यालयांमुळे अकरावी-बारावीची, म्हणजे आपल्याकडच्या पी.यू.ची, मुले अधिक येतात. जागा ठरवण्यापूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस त्या गल्लीतून एक फेरी मारावी. प्रवेश उरकल्यानंतरही 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या लटकलेल्या दिसल्या, तर एजंट काहीही सांगो, तिथे खोल्या गरजेपेक्षा जास्त झाल्या आहेत.

आता हिशेब. समजा, 55 लाखांचे तीन खोल्यांचे घर विकत घेतले. कर्नाटकात मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावरचा उपकर व अधिभार आणि ऑगस्ट 2025 च्या अखेरीपासून 1 ऐवजी 2 टक्के झालेली नोंदणी फी मिळून शहरी भागात सुमारे 7.6 टक्के, म्हणजे 4 लाख 18 हजार रुपये जातात. खाटा, कपाटे, टेबले धरली की आकडा 61 लाखांच्या आसपास पोहोचतो. सहा कॉट, दर कॉटला 3,500 रुपये, म्हणजे महिन्याला 21,000. मात्र ते बारा महिने गृहीत धरणे ही नवख्या माणसाची नेहमीची चूक असते. परीक्षा संपल्या की मुले गावी जातात, काही परत येत नाहीत, म्हणून दहाच महिने धरावेत. 2 लाख 10 हजारांतून घरपट्टी, पाणीपट्टी, रंग, दुरुस्ती, झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार आणि एजंटाची दलाली असे 60,000 वजा केले की 1 लाख 50 हजार उरतात, म्हणजे गुंतवणुकीवर अडीच टक्क्यांच्या आत. गृहकर्जाचे व्याज याच्या जवळपास तिप्पट असते. जागेची किंमत पुढे वाढेल, या एकाच भरवशावर असा व्यवहार उभा राहतो, आणि मी तरी तो कोणाला सुचवणार नाही.

हाच हिशेब वडिलोपार्जित किंवा राहत्या घरावर मजला चढवून मांडला की चित्र बदलते. 800 चौरस फूट बांधकाम, चौरस फुटाला 2,000 रुपये धरले तर 16 लाख, सामान दीड लाख. तेच 1 लाख 50 हजारांचे निव्वळ उत्पन्न आता साडेसतरा लाखांवर मिळते, म्हणजे सुमारे साडेआठ टक्के. सगळा फरक जागेच्या किमतीचा आहे. मजला चढवण्यापूर्वी अभियंत्याकडून जुन्या भिंती आणि पाया तपासून घ्यावा आणि महानगरपालिकेची बांधकाम परवानगी हातात आल्याशिवाय एकही वीट रचू नये. विनापरवाना मजल्यावर बँक कर्ज देत नाही आणि पुढे घर विकताना तोच मजला अडचणीचा ठरतो.

जागा विकतच घ्यायची असेल, तर कागद सावकाश वाचावेत. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे जुन्या वस्तीतल्या मिळकतींना सी.टी.एस. (नगर भूमापन) नंबर आणि प्रॉपर्टी कार्ड आहे, जुनी खरेदीपत्रे मराठीत, क्वचित मोडीतही सापडतात, तर आजचे ई-खाते, म्हणजे मिळकतीच्या नोंदीचा संगणकीय उतारा, कन्नडमध्ये असते. आजोबांच्या नावाचे मराठीतले स्पेलिंग आणि कन्नड उताऱ्यातले स्पेलिंग जुळत नसेल, तर ती दुरुस्ती विकणाऱ्याकडून व्यवहाराआधीच करून घ्यावी. ई-खात्याशिवाय आता नोंदणी होत नाही. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा, म्हणजे तिथल्या मिळकतींच्या संगणकीय नोंदणीचा, नमुना 9 आणि 11 मागावा. '11-ब' दाखवला गेला, तर ती मिळकत अनधिकृत वसाहतीतली असू शकते, हे लक्षात ठेवावे. बिगरशेती न झालेल्या रानातला गुंठेवारीचा प्लॉट स्वस्त का असतो, हे बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, कार्यालयात एक खेप घातली की समजते. ई.सी., म्हणजे बोजाचा दाखला, किमान तीस वर्षांचा काढावा.

करारनाम्याबाबत सीमाभागात एक घोटाळा नेहमी होतो. कोल्हापूरचे किंवा पुण्याचे नातेवाईक त्यांच्याकडचा 'लिव्ह अँड लायसन्स'चा मसुदा पाठवतात आणि इथला मालक त्यावर सही घेऊन मोकळा होतो. तो करार महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्यातला आहे आणि तिथे त्याची नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे तो कायदा लागू नाही. इथे ई-स्टॅम्पवर 11 महिन्यांचा भाडेकरार करण्याची पद्धत आहे, कारण एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्यानुसार नोंदवावाच लागतो. 'लीज' हा शब्दही जपून वापरावा. कर्नाटकात तो ऐकला की एकरकमी मोठी रक्कम घेऊन बिनभाड्याने दिलेले घर, असाच अर्थ अनेक जण घेतात. पी.यू.चा विद्यार्थी बहुधा अठरा वर्षांच्या आतला असतो आणि अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून सही वडिलांची किंवा आईची घ्यावी. चंदगडहून आलेल्या पालकाला मराठी आणि अथणीहून आलेल्याला कन्नड प्रत द्यावी; ॲडव्हान्स परत करण्याचे कलम वाचून दाखवावे, कारण भांडणे होतात ती याच कलमावर.

पाणी आणि पाऊस यांवर मात्र कोणत्याही कागदापेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते. आमच्या वरच्या मजल्यावर पहिल्या वर्षी सहा मुले आणि एक न्हाणीघर होते. सकाळी साडेसात ते साडेआठ या तासात सहा जणांना गरम पाणी लागायचे. जुलैत सौर हीटर निरुपयोगी, गीझरला एका बादलीला दहा मिनिटे, आणि जिन्यात टॉवेल खांद्यावर टाकून उभी असलेली रांग. दिवाळीनंतर त्यातले दोघे परतलेच नाहीत. आता तीन जणांमागे एक न्हाणीघर हा माझा नियम आहे. त्याच पावसात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका मुलाच्या ड्रॉइंग शीटवर बुरशीचे करडे ठिपके उमटले. भिंतीला बाहेरून जलरोधक गिलावा केला, खिडक्यांवर पुढे आलेले छज्जे बांधून घेतले आणि खाटा भिंतीपासून वीतभर दूर सरकवल्या. यातले शेवटचे काम फुकटात झाले आणि सर्वाधिक उपयोगी ठरले.

विजेसाठी वरच्या मजल्याला हेस्कॉम या वीज कंपनीचे स्वतंत्र मीटर घ्यावे. जुलै 2023 पासूनच्या गृहज्योती योजनेत घरगुती जोडणीला ठरावीक मर्यादेपर्यंत, जास्तीत जास्त 200 युनिट, वीज मोफत मिळते आणि भाडेकरूलाही आधार जोडून लाभ घेता येतो. व्यापारी जोडणीला ती सवलत नाही. त्यामुळे नुसत्या खोल्या द्यायच्या की जेवणासह पी.जी. चालवायचे, हे आधी ठरवावे. पी.जी. म्हटले की महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना, मेससाठी अन्नसुरक्षा नोंदणी आणि प्राप्तिकरात व्यवसायाचे उत्पन्न, असा सगळा पसारा येतो. साध्या घरभाड्याच्या उत्पन्नात भरलेली घरपट्टी वजा जाते आणि उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. जीएसटीची धास्ती लहान मालकाने बाळगू नये: सलग किमान 90 दिवसांच्या वास्तव्याला माणशी महिना 20,000 रुपयांपर्यंत जुलै 2024 पासून माफी आहे. घरपट्टी एप्रिलमध्येच भरावी, 5 टक्के सूट मिळते.

मे महिन्यात खोल्या रिकाम्या झाल्या की मुलांसमोरच मीटरचे आकडे लिहून घ्यावेत, कपाटाच्या किल्ल्या मोजाव्यात आणि ॲडव्हान्स त्याच आठवड्यात परत करावा. पुढच्या वर्षीचे भाडेकरू बहुधा याच मुलांच्या ओळखीने येतात. नंतर गच्चीवर जाऊन पन्हळीतली पाने काढावीत आणि पावसाच्या पहिल्या सरीपूर्वी टाकी धुऊन घ्यावी.