सोव्हिएत संघातून वेगळा झालेला देश अभ्यासायचा कसा? किर्गिझस्तान घेऊन बघू

आपल्याकडची बरीच पोरं एमबीबीएसला बिश्केकला, म्हणजे किर्गिझस्तानच्या राजधानीत जातात, त्यांच्यासाठी आणि स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी हे लिहितोय. आधी "कम्युनिझम गेला आणि गरिबी आली" हे एका ओळीचं उत्तर डोक्यातून काढा. त्याऐवजी विचारा, १९९१ च्या आधी इथला माल घ्यायचं कोण? बिश्केकच्या कारखान्यांना ऑर्डर मॉस्कोची, कच्चा माल दुसऱ्या रिपब्लिकमधून, बजेटलाही मॉस्कोची मदत. ३१ ऑगस्ट १९९१ ला स्वातंत्र्य जाहीर झालं, वर्षअखेर सोव्हिएत संघच संपला आणि हे सगळं एकदम थांबलं, १९९५ पर्यंत अर्थव्यवस्था जवळपास निम्म्यावर आली.

मग खेड्यात या. कोल्होझ, म्हणजे सामूहिक शेतं, मोडली, जनावरं वाटली, पण चारा आणि खरेदीदार कुठून आणणार? लोकांनी मेंढ्या विकल्या, कापून खाल्ल्या. साधारण १ कोटी मेंढ्या होत्या त्या पाचसहा वर्षांत ४० लाखांच्याही खाली.

पाण्याला मात्र नीट वेळ द्या, इथेच खरी गोम आहे. किर्गिझस्तानातल्या टोक्तोगुल धरणातून उन्हाळ्यात खाली उझबेकिस्तानच्या कापसाला पाणी सोडायचं आणि बदल्यात हिवाळ्यासाठी गॅस-कोळसा घ्यायचा, असा सोव्हिएत हिशोब होता. स्वातंत्र्यानंतर शेजारी इंधनाचे बाजारभावाने पैसे मागायला लागले, मग किर्गिझांनी थंडीतच पाणी सोडून वीज बनवली, की खाली हिवाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई. जायकवाडीचं भांडण ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच कळेल, फक्त इथे मधे देशाची सीमा आहे.

नंतर माणसं कुठे गेली ते शोधा. बिश्केकचा दोर्दोय बाजार बघा, कंटेनरवर कंटेनर, खालच्यात दुकान आणि वरच्यात गोडाऊन, माल बहुतेक चीनचा, आणि गल्ल्यावर कितीतरी जुने शिक्षक नि इंजिनियर. बाकीचे रशियात मजुरीला, पोरं आजीआजोबांकडे. काही वर्षं तर रशियातून आलेला पैसा जीडीपीच्या पाव भागाहून जास्त होता, म्हणून रुबल पडला की झळ थेट इथल्या चुलीपर्यंत.

२००५, २०१० आणि २०२० चे सत्तापालट यानंतरच वाचा. जून २०१० मध्ये दक्षिणेकडच्या ओश शहरात किर्गिझ-उझबेक हिंसाचारात ४०० वर माणसं गेली, त्याला "जुनं वैर" म्हणून मोकळं होऊ नका प्लीज, जमीन, नोकऱ्या आणि सत्ता कोणाच्या हातात होती ते बघा.

हे झालं की हेच प्रश्न एस्टोनियाला लावा. त्यांनी १९९२ लाच रुबल सोडला, व्यापार फिनलंड-स्वीडनकडे वळवला, २००४ ला युरोपियन युनियनमध्ये गेले. किर्गिझस्तानला असा श्रीमंत शेजारी होता का, हे नकाशा उघडून तपासा.