विंडोज सोडायचं का? आधी अडणारं काम शोधा

विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. गोव्यात म्हापसा, फोंडा, डिचोली, कुडचडे, कुठेही जा, दुकानाच्या गल्ल्यामागे, शाळेच्या कार्यालयात, देवस्थानच्या कचेरीत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले संगणक अजून नीट चालताना दिसतात. त्यांचं करायचं काय? विंडोज 11 टाकायचं, लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टीमवर जायचं, की नवं यंत्र घ्यायचं?

यात कुठली सिस्टीम चांगली हा वाद घालण्यात वेळ दवडू नका, तो संपत नाही. आपलं कुठलं काम नव्या सिस्टीमवर अडेल, एवढंच शोधायचं. बाकीची सगळी कामं कुठेही होतात. निर्णय त्या एका अडणाऱ्या कामावर ठरतो, म्हणून ते पेन ड्राइव्ह हातात घेण्याआधी सापडलं पाहिजे.

आठवडाभर एक वही कीबोर्डशेजारी ठेवा. जो जो प्रोग्राम उघडाल, जे जे यंत्र जोडाल, ते लिहा: वजनकाटा, बारकोड वाचणारं यंत्र, बिलाचा थर्मल प्रिंटर, मोबाइलमधून फोटो उतरवणं, सगळं. मग वेगळं पान काढून वर्षातून एकदा-दोनदाच लागणाऱ्या गोष्टी आठवून आठवून लिहा. आयकर विवरण, ई-निविदा, शाळेचे निकाल, देवस्थानच्या महाजनांची यादी, जत्रेची पत्रिका. बहुतेकांची फसगत या दुसऱ्या पानावरच्या कामांत होते, कारण ती आठवतात तेव्हा मुदत दोन दिवसांवर आलेली असते.

आता प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर टाका. ब्राउझरमध्ये होत असेल तर 'ब'. दुसऱ्या प्रोग्रामने भागत असेल तर 'प'. दोन्ही नसेल तर 'अ', म्हणजे अडणारं. बँक, व्हॉट्सॲप वेब, व्हिडिओ कॉल, हॉटेल-बुकिंगची संकेतस्थळं, परदेशी पाहुण्यांची 24 तासांत करायची ऑनलाइन नोंद, हे सगळं 'ब'. मोरजी किंवा पाळोळेला चार खोल्या भाड्याने देणाऱ्याच्या वहीत बहुधा एकही 'अ' निघत नाही. त्याने बिनधास्त बदलावं.

संगणक हळू चालतो, ही वेगळी तक्रार

सिस्टीम बदलायला निघालेल्या पुष्कळांचं खरं दुखणं हळूपणाचं असतं. टास्क मॅनेजर उघडून 'डिस्क'चा रकाना पाहा. काही न करता तो 100 टक्क्यांवर चिकटून बसत असेल आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष विंडोजचा कमी आणि त्या डिस्कचा जास्त. तिच्या जागी साधी 240 किंवा 256 जीबीची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली आणि रॅम 4 ची 8 जीबी केली की तेच यंत्र वेगळं वाटायला लागतं. सोबत क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवून डिस्कची तब्येत बघा. पिवळ्या रंगात 'कॉशन' दिसलं तर आधी डेटा दुसरीकडे हलवा, सिस्टीमचा विचार मग. मरणाऱ्या डिस्कवर लिनक्स टाकून ती जगत नाही.

विंडोज 11 ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, एएमडीचा असेल तर रायझन 2000 मालिकेपासून पुढचा, टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय), सिक्युअर बूट, 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हे तपासून देतो. टीपीएम नाही असं आलं तरी लगेच हार मानू नका. कित्येक यंत्रांत तो असतो, पण बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव 'पीटीटी', एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम'. प्रोसेसरच जुना असेल तर मात्र इलाज नाही. अटी चुकवून विंडोज 11 बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यावर हिशेब ठेवायचे, त्या यंत्रावर ही युक्ती नको.

घाई नसलेल्यांसाठी विंडोज 10 च्या सुरक्षा-अपडेटची घरगुती वापरकर्त्यांसाठीची मुदतवाढ 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत ठेवलेली आहे. यंत्र 22एच2 या आवृत्तीवर हवं आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. ही विचार करायला मिळालेली सवड आहे, तेवढीच माना.

टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन

दुकानदाराच्या वहीत पहिला 'अ' इथे येतो. टॅलीप्राइम या हिशेबाच्या प्रोग्रामची लिनक्स आवृत्ती नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या सोयीतून ते उघडतं असं सांगणारे भेटतील, पण कंपनीचा त्याला आधार नाही, आणि मार्चअखेरीला काही बिघडलं तर दाद कोणाकडे मागणार? टॅली रोज लागत असेल तर ते यंत्र विंडोजवरच ठेवा, हे आमचं स्पष्ट मत. घरात किंवा दुकानात दोन संगणक असतील तर एकच विंडोजवर राहू द्या आणि दुसरा बदला. दोन्ही एकदम बदलायला हवेत असा नियम कुठे आहे?

डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचं असं सरसकट सांगता येत नाही. एकट्या मालकाचा धंदा असेल तर जीएसटीचं विवरण मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने भरता येतं, टोकन लागतच नाही. कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) ते लागतं. ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदारालाही लागतं. टोकनवर छापलेलं नाव आणि मॉडेल वहीत उतरवा, त्या कंपनीच्या संकेतस्थळावर लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र सिस्टीमला ओळखू देणारा प्रोग्राम, आहे का पाहा, आणि ज्या पोर्टलवर सही करता त्याच्या मदत-पानावर लिनक्ससाठी सही करणारं साधन दिलंय का पाहा. दोन्ही हवीत. एकच असेल तर 'अ' कायम.

लिनक्समध्ये व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात विंडोज चालवण्याचाही मार्ग आहे. पण त्याला किमान 8 जीबी रॅम आणि विंडोजचा वैध परवाना लागतो, शिवाय इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या आय3 प्रोसेसरवर ते इतकं रेंगाळतं की माणूस चार दिवसांत कंटाळतो.

मराठीचा प्रश्न फॉन्टचा आहे

गोव्यात याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, कालोत्सवाचे फलक, भजनी मंडळाच्या पावत्या, जुने ठराव, यातलं बरंच श्री-लिपी किंवा डीव्ही-टीटीसारख्या जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेलं आहे. अशा फाइलमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यांना मराठीचा आकार देतो तो फॉन्ट. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ठराव उघडला की डॉलर, कंस आणि तुटक रोमन अक्षरांची रांग दिसते. लोक म्हणतात लिनक्सने फाइल खाल्ली. फाइल धड असते, फॉन्ट नसतो. नव्या विंडोजवरही फॉन्ट नसेल तर हेच होईल.

म्हणून आधीच छाननी करा. जुन्या पाच-सहा फाइल उघडा, मजकूर निवडा, फॉन्टचं नाव बघा. मंगल, निर्मला, कोकिळा किंवा नोटो दिसलं तर मजकूर युनिकोड आहे, तो कुठेही उघडेल. दुसरं काही दिसलं तर तो उतारा कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी राहिली नाही तर फाइल जुन्या पद्धतीची. अशा फाइलींच्या पीडीएफ प्रती विंडोजवर असतानाच काढून ठेवा. पुन्हा बदलाव्या लागणाऱ्या तेवढ्या रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणा, पण नंतर डोळ्यांखालून घाला. रूपांतरात रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी एक घर सरकते, 'श्र' आणि 'क्ष' फुटतात.

छपाईचा धंदा असेल आणि रोज कोरलड्रॉ या मांडणीच्या प्रोग्रामवर आणि श्री-लिपीवर काम चालत असेल, तर हा 'अ' मोठा आहे. त्याच कामाचं लिनक्सवर चालणारं इंकस्केप चांगलं आहे, पण कोरलची फाइल त्यात जशीच्या तशी उतरत नाही. सोडू नका.

टायपिंगचं मात्र घाबरण्यासारखं काही नाही. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारात कीबोर्ड लेआउटच्या यादीत 'इंडियन' गटाखाली मराठीचे इनस्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक हे दोन्ही आराखडे आहेत, निवडायचे आणि टाइप करायचं. परीक्षा म्हणून हे शब्द उमटवून पाहा: दऱ्या, दर्या, वाङ्मय, फळा, ॲप, पंतप्रधान. इनस्क्रिप्टमध्ये 'जे' या कळीवर र आहे, शिफ्टसह ऱ, आणि 'दऱ्या'तला तो अर्धा र तिथूनच येतो. टाइपरायटरच्या आराखड्यावर हात बसलेल्या कारकुनाला महिनाभर जड जाईल. त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फाइलींना लिब्रेऑफिस हा मोफत प्रोग्राम पुरतो, पण दोन जागी ठेच लागते. एक, एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या सूचना; शाळेच्या निकालपत्रकात कोणीतरी घालून ठेवलेले असतात आणि ते नेहमी चालतातच असं नाही. दोन, मंगलऐवजी दुसरा फॉन्ट आला की ओळी लांबतात आणि एका पानाचा दाखला दोन पानांवर जातो. लिब्रेऑफिस विंडोजवरही चालतं, तेव्हा महिनाभर ते तिथेच वापरून बघा. फायरफॉक्सचंही तसंच. सवयीची अर्धी अडचण सिस्टीम न बदलता कळते.

पेन ड्राइव्हवरून चालवून बघा

8 जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, लिनक्स मिंटची आयएसओ फाइल (अख्ख्या सिस्टीमची एकत्र फाइल) अधिकृत पानावरून उतरवा आणि रूफस या प्रोग्रामने त्यावर चढवा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मिंटची 22 मालिका घेतलीत तर तिला एप्रिल 2029 पर्यंत अपडेट आहेत. रॅम 4 जीबी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, 8 असेल तर सिनॅमन. यंत्र सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ12, एचपीवर एफ9. संगणकातल्या डिस्कला हात न लावता लिनक्स सुरू होतं. पेन ड्राइव्हवरून असल्यामुळे ते संथ वाटेल, त्यावरून मत बनवू नका.

आता वही काढा. वायफाय लागतं का? नाही लागलं तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट मिळेल, आणि ड्रायव्हर मॅनेजर चालवा. ब्रॉडकॉमच्या काही चिप्सना ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. लॅपटॉपचं झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा, पडदा परत येतो का? ब्राइटनेस, आवाज, कॅमेरा, प्रोजेक्टर, सगळं करून पाहा. प्रिंटर जोडून खरोखरचं पान छापा. एचपीचे बहुतेक प्रिंटर सरळ चालतात, एप्सनच्या टाकीवाल्या एल मालिकेला ड्रायव्हर मिळतो. कॅननचा एलबीपी2900, जो आपल्याकडे कचेरी-कचेरीत दिसतो, तो मात्र हट्टी आहे. त्याची छपाईची पद्धत कॅननची स्वतःची आहे, लिनक्सवर बसवताना घाम निघतो आणि बसला तरी मधूनच अडतो. तो रोज लागत असेल तर वहीत 'अ' लिहा.

बदलायचं ठरलं तर

सगळ्यात सुरक्षित रीत अशी की जुनी डिस्क काढून ठेवायची आणि नव्या एसएसडीवर लिनक्स बसवायचं. नाहीच जमलं तर पाच स्क्रू आणि दहा मिनिटांत पूर्वीचं विंडोज परत. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायची असतील तर काळजी जास्त घ्यावी लागते. बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप चालू आहे का पाहा आणि त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. पॉवर ऑप्शन्समधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि लिनक्सला त्या विभागात लिहिता येत नाही. डिस्क लहान करायची ती विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये डिस्क जोडण्याची साटा ही सेटिंग 'इंटेल आरएसटी' किंवा 'रेड' (RAID) या पर्यायावर असेल. पण ती थेट एएचसीआय या दुसऱ्या पर्यायावर नेलीत तर विंडोज उघडणं बंद होतं, म्हणून हे काम जाणकाराकडून करून घ्या. नंतर विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर यंत्र बिघडलेलं नाही. लिनक्स यंत्रातली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, मानतं आणि विंडोज स्थानिक, एवढाच तो घोळ. लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगितलं की सुटतो.

त्याआधी डेटाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळेच घेतात. टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड, डेस्कटॉपवर पडलेल्या फाइली आणि फॉन्ट राहून जातात. प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

दिवसही निवडून घ्या. जीएसटीच्या 11 आणि 20 तारखांच्या तोंडावर नको, मार्चमध्ये नको, गणेश चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात छापखान्यात तर नकोच. पावसाळ्यात केव्हाही वीज जाते; डिस्कचे विभाग हलवताना वीज गेली तर दोन्ही सिस्टीम एकदम जाऊ शकतात. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली हवी, डेस्कटॉप यूपीएसवर हवा आणि त्या यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते ते आधी प्लग काढून पाहिलेलं हवं.

काढलेल्या जुन्या डिस्कवर तारीख आणि यंत्राचं नाव लिहून चिठ्ठी चिकटवा. आपल्या दमट हवेत ती उघडी ठेवू नका, सिलिका जेलची पुडी टाकून हवाबंद डब्यात ठेवा. वहीच्या दुसऱ्या पानावरचं शेवटचं काम नव्या सिस्टीमवर एकदा पार पडेपर्यंत ती पुसायची नाही, मग त्याला वर्ष लागलं तरी चालेल.