मित्रांवरचा विनोदी चित्रपट लिहायला बसताना

चाळिशी-पन्नाशीतल्या मित्रांवर विनोदी पटकथा लिहायची ठरवली की बहुतेकांच्या डोक्यात प्रथम सहल येते: चौघेजण, एक गाडी, गोव्याचा रस्ता आणि वाटेतली थट्टामस्करी. माझ्या पहिल्या लघुपटाचा खर्डाही असाच होता. गच्चीवर बसलेले चार मित्र अकरा पाने एकमेकांची खेचत होते आणि मोठ्याने वाचून दाखवताना तिसऱ्या पानानंतर कोणीही हसले नाही. विनोद वाईट नव्हते, पण त्या चौघांना तिथे बसण्याचे काही कारणच नव्हते. महाविद्यालयात असताना मित्र रोज भेटतात ते भेटणे टाळता येत नाही म्हणून. पुढे बदल्या, हप्ते, मुलांच्या परीक्षा आणि आईवडिलांची आजारपणे यांत ते आयते कारण संपते आणि ‘भेटू एकदा’ एवढेच उरते. म्हणून विनोद सुचण्याआधी या माणसांना एकत्र राहायला भाग पाडणारी निकड शोधावी.

सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या दृष्टीने पुन्हा पाहावा. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटावरून घेतलेल्या या कथेतली निकड एका वाक्यात सांगता येते: चार मित्रांना पुण्यात राहायला जागा हवी आहे आणि घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देतात. मग त्या चौघांपैकी परशुरामची पार्वती होते, सुधीरची सुधा होते, आणि पुढे प्रत्येक थाप दुसरी थाप मागत जाते. पार्वतीला दिवस गेल्याचे सांगितल्यावर लीलाबाई हौसेने डोहाळजेवण करतात, तो प्रसंग थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. लीलाबाईंची माया खरी आहे, त्यांना लेखकाने मूर्ख ठरवलेले नाही, आणि म्हणूनच पार्वती बनून साडीत वावरणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डे यांची अवस्था हास्यास्पद होते तितकीच अवघडही होते. फसवला जाणारा माणूस बावळट केला की फसवणाऱ्यांचा धोका कमी होतो आणि धोक्याबरोबर हसूही कमी होते. शिवाय ज्या सुधीरला मनीषाचे मन जिंकायचे आहे त्यालाच त्याच घरात सुधा म्हणून वावरावे लागते. म्हणजे मित्रांसाठी घेतलेले सोंग त्याच्या स्वतःच्या गरजेच्या आड येते. आपल्या प्रत्येक पात्राला असा एक तरी पेच द्यावा. चौघांपैकी एखाद्याला काढून टाकल्यावरही गोष्ट अडत नसेल, तर त्याचे संवाद दुसऱ्याला देऊन त्याला निरोप द्यावा.

संवाद लिहिताना सर्वांत मोठा मोह असतो तो मैत्री बोलून दाखवण्याचा. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात अँजिओप्लास्टी झालेल्या मित्राला भेटायला आलेला कुलकर्णी ‘तू मला भावासारखा आहेस’ असे म्हणत होता. वाचन करणाऱ्या नटाने ते वाक्य दोनदा म्हणून पाहिले आणि कागद खाली ठेवला. सुधारलेल्या प्रसंगात कुलकर्णी दोन शहाळी घेऊन येतो, गाडी लावायला जागा नसल्याबद्दल कुरकुरतो, १९९८ साली स्कूटरच्या दुरुस्तीला दिलेले चारशे रुपये अजून परत मिळाले नसल्याची आठवण करून देतो, आणि भेटीची वेळ संपल्यावर शेवटची बस चुकल्याचे सांगून खुर्चीतच बसून राहतो. तेवढ्यात परिचारिका दारात येऊन विचारते, “गेटसमोरची पांढरी स्कूटर कोणाची?” किल्ली कुलकर्णीच्या हातातच असते. रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. आता लोक हसले, आणि मुख्य म्हणजे कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

संबोधनांकडेही नीट लक्ष द्यावे, कारण मराठीत हे हत्यार आयते हाताशी आहे. कचेरीत ‘कुलकर्णी साहेब’ असलेला गृहस्थ मित्रासाठी ‘कुलकर्ण्या’ असतो आणि मित्राच्या बायकोसाठी ‘भावजी’; तिन्ही हाका एकाच प्रसंगात आणल्या, तर तो माणूस किती वेगाने पवित्रा बदलतो हे वेगळे दाखवावे लागत नाही. शिव्या मात्र मोजून वापराव्यात, सरसकट वापरल्यास त्यांची धार जाते. मित्राच्या बायकोला केवळ कटकट करणारी बाई म्हणून आणणे हा आळस आहे; वरच्या प्रसंगात बस चुकलेली नाही हे तिने आधीच ओळखून त्याच्यासाठी पोळ्यांचा जास्तीचा डबा पाठवला, तर तीही विनोदात भागीदार होते.

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा साधारण हिशेब धरतात, तेव्हा रुग्णालयाच्या प्रसंगाला तीन पानांहून अधिक देऊ नये. दृश्य शक्यतो दोघांना एकाच चौकटीत ठेवून चित्रित करावे, कारण हसू बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अधिक येते आणि प्रत्येक वाक्याला कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जात राहिल्यास ते निसटते.

शेवटाला गळाभेट नसावी. आमच्या लघुपटात घरी सोडण्याच्या दिवशी रुग्ण उशीखालून शंभराच्या चार नोटा काढून देतो, कुलकर्णी त्या थुंकी लावून मोजतो आणि “व्याजाचं बघू नंतर” असे म्हणून खिशात घालतो. नोटा मोजायला जितके सेकंद लागतात तितके पूर्ण द्यावेत, आणि तिथे पार्श्वसंगीत घालू नये.