फोमवर फायबरग्लास चढवताना या चुका टाळा

साचा न बनवता फोम कोरायचा आणि त्यावर थेट इपॉक्सी-फायबरग्लास (द्रव रेझिन आणि हार्डनर मिसळून केलेल्या इपॉक्सीत भिजवलेलं काचेच्या धाग्यांचं कापड) चढवायचं, ही घरच्या घरी विमान बांधण्याची पद्धत बर्ट रुटान यांनी कॅलिफोर्नियातल्या मोहावीत रुळवली. त्यांचं व्हेरी-ईझी १९७५ मध्ये उडालं, लाँग-ईझी १९७९ मध्ये. तेव्हापासून शेकडो गॅरेजांत अशी विमानं बांधली गेली आणि चुका मात्र त्याच त्या होत राहिल्या.

सगळ्यात जुनी समजूत म्हणजे रेझिन जास्त तितकी मजबुती जास्त. हे साफ चूक आहे. ताण घेतात काचेचे धागे. रेझिनने त्यांना जागेवर धरून ठेवायचं, वाकू द्यायचं नाही आणि एका धाग्यावरचा भार दुसऱ्याकडे पोचवायचा. धागे भिजले की पुढे ओतलेलं सगळं नुसतं वजन. हिशोब करून पाहा. दोन्ही दिशांना धागे असलेलं नेहमीचं कापड चौरस मीटरला साधारण ३०० ग्रॅम भरतं. हाताने नीट चढवलं तर त्यात १८० ग्रॅमच्या आसपास रेझिन राहतं. सढळ हाताने काम केलं तर तेच ३०० ग्रॅमवर जातं. लाँग-ईझीच्या मुख्य पंखांची वरची-खालची बाजू मिळून साधारण १५ चौरस मीटर होते. तिच्यावर असे दोन थर धरले तर साडेतीन किलो फुकट गेले. या विमानाचं रिकामं वजन ३२० किलोच्या आसपास, इंजिन मागे आणि पंखही मागे झुकलेले. मागे वाढलेलं वजन तोलायला नाकात शिसं भरावं लागतं, म्हणजे एका चुकीचं वजन दोनदा वाहायचं.

म्हणून कापड कापल्यावर आधी वजनकाट्यावर ठेवा आणि तेवढ्याच वजनाचं रेझिन कालवा. कपात, ब्रशवर आणि स्क्वीजीने (रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने) निपटून काढण्यात जे जातं ते गेल्यावर प्रमाण बरोबर येतं. स्क्वीजी मधून कडेकडे, धाग्यांच्या दिशेने फिरवा. पुढे रेझिनची लाट जमत असेल तर ती कडेला नेऊन कपात काढा, पुढच्या कोरड्या जागेवर ढकलत बसू नका. फार जोर दिलात तर धाग्यांमधलं रेझिनही निघतं आणि पांढुरके ठिपके दिसतात, ती हवा असते. तिथे वरून ओतू नका. आखूड कापलेल्या ब्रशने उभं टोचा, खालचंच रेझिन वर येतं. थर बरोबर झाला की विण स्पष्ट दिसते, पृष्ठभाग ओलसर दिसतो, पण चकचकत नाही. आरशासारखा चकाकला तर समजा निपटायचं राहिलंय.

दुसरी चूक घाईची, आणि तिच्याबद्दल मी मवाळ बोलणार नाही. पॉलिस्टर रेझिनवर हात बसलेल्या माणसाला वाटतं, हार्डनर जरा जास्त घातला की काम लवकर उरकेल. पॉलिस्टरमध्ये तो नुसता क्रिया सुरू करून देतो, म्हणून थोडं कमीजास्त चालतं. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच रेझिनच्या साखळीत जोडला जातो. जास्त घातलेल्याला जोडायला काही उरत नाही, तो आत मोकळा राहतो आणि थर कायमचा मऊ होतो. इथला नेहमीचा सापळा म्हणजे वजन आणि आकारमान यांची गल्लत. एमजीएस एल २८५ या इपॉक्सीत रेझिन-हार्डनरचं प्रमाण वजनाने १०० ला ४०, आकारमानाने १०० ला ५०. कपावरच्या रेघांचा ५० हा आकडा लक्षात ठेवून कोणी काट्यावर मोजतो आणि २५ टक्के हार्डनर जास्त जातो.

मग घडतं ते असं. दुपारी पंखाची अख्खी बाजू चढवली. संध्याकाळी थर हाताला चिकटतो, वाटतं हवेत गारवा आहे. दुसऱ्या दिवशीही नख रुततं, मग हीटर लावतात. आठवड्याने वरचा भाग जरा टणक वाटतो म्हणून पुढचं काम सुरू होतं, आणि काचपेपर फिरवला की पावडरऐवजी रबरासारख्या वळ्या निघतात. यावर इलाज नाही. पूर्ण थर सोलायचा. त्याबरोबर फोमचे टवके निघतात, ते भरायचे, आकार पुन्हा जुळवायचा. दोन तासांच्या कामापायी तीन आठवडे जातात.

काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. लवकर सुकायला हवं असेल तर जलद हार्डनर विकत घ्या, प्रमाणाला हात लावू नका. दोन मिनिटं घोटा, कपाच्या कडा आणि तळ खरवडून घ्या. प्रत्येक कपातलं चमचाभर उरलेलं तारीख टाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोडून पाहा. कट्ट आवाज करून तुटलं तरच त्या थरावर पुढचा हात. एका वेळी दीडशे ग्रॅमहून जास्त कालवू नका. मोठ्या कपात उष्णता साचते, धूर येतो आणि हातातलं रेझिन दगड होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खास सूचना. पाण्याच्या टाक्या, पुतळे करणाऱ्या फायबरवाल्यांकडे जे ‘रेझिन, कोबाल्ट, हार्डनर’ मिळतं ते पॉलिस्टर असतं. त्यातलं स्टायरीन थर्माकोल आणि निळा स्टायरोफोम (या विमानांच्या पंखांत वापरतात तो फोम) दोन्ही विरघळवतं. त्यातला कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. थर्माकोलही या कामाचा नाही. त्याचे मणी सुटे होतात आणि वरची कातडी त्यांच्यासकट उचकटते.

कोऱ्या फोमवर तसंच कापड टाकू नका. आधी मायक्रोबलून (काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांची भुकटी) आणि इपॉक्सी समान मापाने घेऊन पातळ मायक्रो करा. तो फोमच्या छिद्रांत निपटून भरा आणि ओला असतानाच पहिला थर ठेवा. खड्डे असतील तर कोरडा मायक्रो (मायक्रोबलून जास्त घालून घट्ट केलेला) आधी भरून घ्या. मात्र काचेच्या दोन थरांमध्ये मायक्रो कधीही नाही, आणि जिथे जोडावर भार येतो त्या कोपऱ्यात मायक्रोऐवजी फ्लॉक्स (इपॉक्सीत कालवलेले कापसाचे बारीक तंतू).

सुकलेल्या थरावर नवा थर चढवायचा असेल तर चमक पूर्ण जाईपर्यंत ४० नंबरचा काचपेपर. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो. तो आधी पाण्याने घासून धुवा, काचपेपर नंतर, नाहीतर मेण ओरखड्यांत बसतं. शेवटच्या थरावर पील प्लाय (सुकल्यावर सोलून काढायचं कापड) टाकलात तर बरीच मेहनत वाचते, आणि तो टाकायचा कंटाळा का करतात ते मला आजवर कळलेलं नाही.

कडा छाटायची ती थर चामड्यासारखा झाल्यावर, साधारण तीन-चार तासांनी, धारदार ब्लेडने. रात्र गेली की करवत लागते. युरेथेन फोम गरम तारेने कापू नका, वाफ विषारी असते. पॉलिस्टायरीनजवळ (निळा स्टायरोफोम त्यातलाच) ॲसिटोन नको. हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही.

शेवटी पूर्ण पंखावर नाण्याने टकटक करा. आवाज बदलून पोकळ झाला त्या जागी पेन्सिलने गोल काढा. छोट्या पोकळीला दोन बारीक भोकं पाडून एकातून सिरिंजने इपॉक्सी सोडा, दुसऱ्यातून बाहेर आली की थांबा. मोठी असेल तर तेवढा भाग कापून, कडा उतरत्या घासून नवीन थर द्या. आणि रंग पांढराच. गडद रंगाखाली उन्हात इपॉक्सी आणि फोम दोन्ही मऊ पडतात.