हिमोग्लोबिन कमी निघालं? आधी एमसीव्हीची ओळ वाचा

सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी दिसलं की आपण लगेच लोहाच्या गोळ्या आणतो. त्याआधी त्याच कागदावरचा एमसीव्ही पाहा. तांबड्या पेशीचं हे सरासरी आकारमान १०० च्या वर असेल, तर बी-१२ किंवा फोलेट ही जीवनसत्त्वं कमी असल्याची शंका घ्यावी.

असं का? पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते. त्यातला थायमिन हा घटक घडवायला फोलेट लागतं, आणि फोलेट कामात राहायला बी-१२. थायमिन अपुरा पडला की त्याच्या जागी युरॅसिल हा चुकीचा घटक शिरतो. ते काढण्यासाठी पेशी डीएनएचा धागा कापते, पुन्हा युरॅसिलच बसतं, आणि शेवटी डीएनए तुटतो. विभाजन रखडतं, पेशी मात्र फुगत राहते. १९२८ मध्ये मुंबईत आलेल्या ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स यांनी गरोदर गिरणी कामगार बायकांमधला असाच पांडुरोग (ॲनिमिया) अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा केला. त्या अर्कातलं औषध म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं.

एमसीव्ही नॉर्मल असला तरी निर्धास्त होऊ नका; सोबत लोहही कमी असेल तर आकडा झाकला जातो. शाकाहारी असाल, मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, पायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ तपासून घ्या. तपासणीसाठीचं रक्त मात्र कुठल्याही गोळ्या सुरू करण्याआधी द्या. नुसत्या फोलिक ॲसिडने (गोळीतल्या फोलेटने) रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२ अभावी नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

मग ताटाकडे वळा. फोलेटसाठी पालक, मेथी, चवळी, हरभरे. भाजी उकडून पाणी फेकू नका, फोलेट त्यातच उतरतं. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. बी-१२ साठी स्पिरुलिनावर (शेवाळासारख्या पूरक आहारावर) विसंबू नका. कमतरता निघालीच तर डोस डॉक्टरांनी ठरवावा.

बाळाचा विचार असेल तर थांबू नका. गर्भाची मज्जानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) पहिल्या २८ दिवसांतच मिटते, तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला २००८ मध्ये आढळलं की गरोदरपणात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला विरोध (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) सर्वाधिक होता. तेव्हा फोलिक ॲसिडची गोळी सोडू नका, पण ती लिहून घेतानाच बी-१२ ची तपासणीही मागा.